नळ कुठे आहे, तेही बघा

शाळेतल्या मुलांसाठी स्वयंपाक करणाऱ्या बायकांना स्वच्छतेचं ज्ञानच नाही, असं एक मत मांडलं जातं; ते मला अर्धंच पटलं. गोव्यात शाळांचं माध्यान्ह भोजन मुख्यतः बचतगट पुरवतात. हात कधी धुवायचे ते तिथली कुठलीही ताई सांगेल. पण ओट्याजवळ नळ-साबण नसेल तर ती दरवेळी मागीलदारी जाणार का?

अज्ञान आहे ते वेगळ्याच ठिकाणी. बोट कापलेलं असतं, तरी पाव भरणं चालूच. जखमेतल्या स्टॅफिलोकोकस नावाच्या जंतूने अन्नात एकदा विष सोडलं की भाजी पुन्हा उकळूनही ते जात नाही. तसंच पहाटे शिजवलेली वाटाण्याची भाजी ६० अंश सेल्सिअसखाली तासन्‌तास कोमट राहिली, तर झाकण कितीही घट्ट असो, जंतू वाढतातच. प्रशिक्षणात आधी हे सांगा, आणि प्रत्येक स्वयंपाकघराला एक थर्मामीटर द्या.