एमआयएफ रोखायचं की त्याचं रसायन बदलायचं?

धागाकर्ता: एमआयएफ (मॅक्रोफेज मायग्रेशन इनहिबिटरी फॅक्टर) हे प्रथिन म्हणजे दाह, म्हणून हृदयविकाराच्या झटक्यानंतर त्याला रोखणारं औषध, म्हणजे अवरोधक, द्या, हे मला पटत नाही. २०१२ मध्ये ‘सर्क्युलेशन’मध्ये आलेलं उंदरांवरचं काम पाहा. या प्रथिनाच्या साखळीत सिस्टीन (गंधक असलेलं अमिनो आम्ल) तीन जागी: ५७, ६० आणि ८१. नायट्रिक ऑक्साइडचा गट फक्त ८१च्या गंधकावर बसतो. ५७-६० ही जोडी मोकळीच राहते, पण प्रथिनाचं रेडॉक्स (इलेक्ट्रॉन देवघेवीचं) काम दुप्पट होतं आणि रक्तपुरवठा परतल्यावर हृदयपेशी कमी मरतात. ८१च्या जागी सेरीन (गंधक नसलेलं अमिनो आम्ल) घातलं की फायदा गायब! सरसकट अवरोधक म्हणजे सुक्याबरोबर ओलंही जाळणं.

कॅथलॅब: असहमत. रुग्णात तो गट बसवणार कसा? नायट्राइटपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनतं, तो मार्ग तपासून झालाय. नियामी चाचणीत (२०१४) २२९ रुग्ण होते. धमनी उघडण्याआधी ७० मायक्रोमोल सोडियम नायट्राइट शिरेतून ५ मिनिटांत दिलं. एमआरआयवर हृदयाचा मृत भाग काही कमी दिसला नाही.

धागाकर्ता: ते नायट्राइटचं अपयश. शिरेतून सोडलेलं नायट्राइट कुठल्या प्रथिनाच्या कुठल्या सिस्टीनवर जाऊन बसेल, यावर कुणाचा ताबा नसतो.

रेडॉक्सबाबा: आधी गट सिस्टीनवर ‘बसला’ हे नीट सिद्ध करायला शिका. बायोटिन-स्विचमध्ये (नायट्रिक ऑक्साइडच्या गटाच्या जागी बायोटिनची खूण लावायची चाचणी) मोकळे थायॉल (सिस्टीनचे गंधक-गट) एमएमटीएस या रसायनाने झाकायचे: प्रथिन उलगडायला २.५ टक्के एसडीएस (डिटर्जंट), ५० अंश, २० मिनिटं, मधूनमधून हलवत. मग अ‍ॅसिटोनने प्रथिन खाली बसवून उरलेलं एमएमटीएस काढायचं, नाहीतर पुढे बायोटिनला जागाच मिळत नाही. त्यानंतर गट काढायला अ‍ॅस्कॉर्बेट (क जीवनसत्त्व) आणि मोकळ्या झालेल्या गंधकावर खूण लावायला बायोटिन-एचपीडीपी. झाकणं अर्धवट राहिलं, किंवा खिडकीतलं ऊन नळीवर पडलं, तर जेलवर खोटा पट्टा उठतो. डीटीटी हे क्षपणक चुकूनही नको, ते बायोटिनचा बंधच तोडतं. तांब्याचा अंशही चालत नाही, म्हणून धातू पकडून ठेवणारे ईडीटीए आणि निओक्युप्रॉइन. अ‍ॅस्कॉर्बेट न घातलेल्या नमुन्यातही तेवढाच पट्टा आला, तर जेल सरळ कचऱ्यात.

आणि हो, स्फटिकरचनेच्या पेपरांत हाच ८१वा सिस्टीन ८० असतो, कारण साखळीतलं पहिलं अमिनो आम्ल, मेथिओनिन, छाटलं जातं. म्यूटंट (बदललेलं प्रथिन) मागवताना एका आकड्याने घोळ होतो.

कॅथलॅब: ठीक, पण हेच एमआयएफ पांढऱ्या पेशींवरच्या सीएक्ससीआर२ आणि सीएक्ससीआर४ या ग्राहकांना (रिसेप्टर) चिकटून पांढऱ्या पेशी ओढून आणतं. ते चालू द्यायचं?

धागाकर्ता: नाही. माझा आक्षेप वेळेला आहे. धमनी उघडताना हृदयपेशीतलं एमआयएफ एएमपीके (पेशीची ऊर्जा सांभाळणारं विकर) जागं करून कामी येतं. पांढऱ्या पेशींचा लोंढा त्यानंतरचा. अवरोधक द्यायचाच तर तेव्हा द्या.

कॅथलॅब: ती वेळ प्रत्येक रुग्णात वेगळी. कोणी दोन तासांत पोचतो, कोणी दहा.