ई-पॉसवर, म्हणजे रेशन दुकानातल्या यंत्रावर, अंगठा जुळला नाही, तर रेशन थांबवायचं का?

कुर्लेकर
ई-केवायसीला, म्हणजे कार्डावरच्या प्रत्येकाची आधारने ओळख पटवण्याला, माझा विरोध नाही. राग आहे तो दुकानदाराच्या ठरलेल्या वाक्याचा: "अंगठा येत नाही, आधार अपडेट करून या." आधारकडून नकार येतो तो आकड्यासकट. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. ३३० म्हणजे आधारधारकानेच बायोमेट्रिक लॉक केलंय, ते मोबाइलवर उघडता येतं. ८११ म्हणजे आधारकडे ठसेच नाहीत. हा बहुतेक लहान मुलांचा घोळ: बाल आधार काढताना ठसे घेत नाहीत, ते ५ वर्षं पूर्ण झाल्यावर द्यायचे असतात आणि १५ व्या वर्षी पुन्हा. तिघांचे इलाज वेगळे, पण रांग एकच, आधार केंद्राची. तोवर धान्य बंद का?

खतावणी
आकड्यांचं मान्य. पण पुढे तुम्ही म्हणणार, "रजिस्टरवर सही घ्या आणि द्या." मग यंत्र बसवलं कशाला? मयताच्या नावावर महिन्याला ५ किलो उचललं जायचं ते त्या रजिस्टरवरच. आणि इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची ठरलेली कमाल संख्या, विसरू नका. अन्न सुरक्षा कायद्यात राज्याला साधारण ७ कोटी लाभार्थ्यांची मर्यादा आहे, त्यात शहरी लोकसंख्येपैकी ४५.३४ टक्केच बसतात. मानखुर्दचं एखादं कुटुंब ५९ हजारांच्या वार्षिक उत्पन्न मर्यादेत बसतं, तरी इष्टांक भरला असेल तर ताटकळतं. एक बोगस नाव म्हणजे एक खरं नाव बाहेर.

गिरणगावकर
मयत शोधायला जिवंत माणसाचा अंगठा कशाला हवा? महापालिकेच्या मृत्यू नोंदी आहेत, त्या यादीशी ताडून बघा. धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या आणि सिमेंट कालवणाऱ्याच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. आधारकडे दहाही बोटं असतात, दुकानात अंगठा आणि तर्जनी झाली की संपलं. हात पुसून अनामिका लावून बघायला अर्धा मिनिट लागतो.

खतावणी
बोटं राहू द्या, 'मेरा ई-केवायसी' ॲपवर चेहरा दाखवून होतं.

गिरणगावकर
होतं, पण आधी ओटीपी येतो, आधारला जोडलेल्या नंबरवर. तो सिम चार वर्षांपूर्वी बंद पडलेला असेल तर चेहरा दाखवायची पाळीच येत नाही. म्हणजे पुन्हा आधार केंद्र.

चाकरमानी
गावच्या कार्डवर मुंबईत धान्य घेणाऱ्यांचंही बघा. कार्ड संगमेश्वरचं, उचल साकीनाक्याला. कुठल्याही दुकानातून धान्य घेता येण्याच्या योजनेत हे बसतं, पण महिनाअखेरीस गेलं की "माल संपला", कारण दुकानाचा कोटा मुख्यतः त्याच्या स्वतःच्या कार्डांवर ठरतो. तिथे अंगठा जुळूनही पिशवी रिकामीच.

कुर्लेकर
खतावणी, २४ ऑक्टोबर २०१७ चं केंद्राचं पत्र आहे: आधार नाही किंवा ठसा जुळत नाही म्हणून धान्य नाकारू नका, अपवादाची नोंद ठेवा. म्हणजे रजिस्टर आदेशातच आहे. भांडण ते तपासायचं कोणी, याचं आहे.

खतावणी
मग अटी घाला. अपवाद सलग तीन महिनेच, प्रत्येक नोंदीसमोर नकाराचा आकडा, आणि अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम २९ च्या दक्षता समितीने दर महिन्याला त्यातली दहा घरं गाठायची. आकडा नसलेली नोंद बाद.

कुर्लेकर
बाद नोंदीचा भुर्दंड दुकानदारावर की कार्डधारकावर? दुकानदारावर असेल तर मला चालेल.

खतावणी
दुकानदारावरच. पण मग नकाराची छापील पावती यंत्रातूनच निघायला हवी, नाहीतर तो मनाला येईल तो आकडा लिहील.