प्लेट की नवा सांधा, हे दांडा ठरवतो

‘बदललेल्या खुब्याजवळ हाड मोडलं, की धातूच्या प्लेटवर भागत असताना पुन्हा सांधा बदलायला सांगतात, निव्वळ बिल वाढवायला’ असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. असं मांडीचं हाड मोडलं, की आधी बघतात ते हाडाच्या आत बसवलेला धातूचा दांडा घट्ट आहे की सैल झालाय. अशा मोडण्याचे प्रकार पाडणारं, १९९५ पासून वापरात असलेलं व्हँकूवर वर्गीकरण बरंचसं यावरच उभं आहे. दांड्याभोवती मोडलंय पण दांडा घट्ट, तर बी-१: प्लेट आणि हाडाभोवती आवळायची केबल (तार). सैल असेल पण हाड चांगलं असेल तर बी-२: तिथे बहुतेकदा मोडलेल्या जागेच्या खूप खाली जाणारा लांब दांडा घालतात. सैल दांड्यावर नुसती प्लेट ठोकली तर तीच तुटायची भीती. आणि सैलपणा एक्स-रेत दरवेळी दिसतोच असं नाही, कधी ऑपरेशन टेबलावरच कळतो.

खुबा बदललेली माझी आई मोरीत घसरली तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, पडायच्या आधी चालताना मांडी दुखायची का? दुखायची, वर्षभर! आम्ही वयावर ढकललं होतं. दांडा तेव्हाच सैल होत असणार. दुसरं त्यांनी मागितलं ते जुन्या ऑपरेशनचे इम्प्लांट स्टिकर, म्हणजे आत बसवलेल्या भागांची लेबलं. कंपनी, साइज, लॉट नंबर त्यावरच असतो, आणि जुना भाग काढायची हत्यारं, दांड्यावर बसणारा जुळणारा बॉल (सांध्याचा गोळा) त्यावरून मागवतात. कपाट उपसून फाइल मिळेपर्यंत रात्रीचे अकरा वाजले. ज्यांच्या घरी कुणाचा सांधा बदललाय त्यांनी त्या स्टिकरचा फोटो आजच मोबाइलमध्ये काढून ठेवा.