अनामिका लांब असेल तर म्हातारपणी मेंदू वेगळा असतो का?

संधिप्रकाश:
वय ६८, मोठा आजार नाही. तर्जनी आणि अनामिका यांच्या लांबीच्या गुणोत्तरावरून गर्भात टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) किती मिळालं ते कळतं, आणि त्याचा संबंध उतारवयातल्या हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे मेंदूतल्या स्मरणाशी निगडित भागाच्या, आकाराशी लावतात, असं वाचलं. माझी उजवी अनामिका तर्जनीपेक्षा चांगलीच लांब आहे, डावी जेमतेम. हल्ली माणसांची नावं पटकन आठवत नाहीत, म्हणून जीवाला घोर लागलाय. यात तथ्य किती?

पिंपळपान:
कल्पना अगदीच हवेतली नाही. बायकांच्या तुलनेत पुरुषांची अनामिका सरासरीने तर्जनीपेक्षा जास्त लांब असते. संशोधक जॉन मॅनिंग यांच्या १९९८ च्या शोधनिबंधानंतर या विषयाने जोर धरला. २०११ मध्ये उंदरांच्या गर्भावर प्रयोग झाले, त्यांत संप्रेरकं कमी-जास्त केल्यावर हे गुणोत्तर खरोखर बदललं.

हातवाली:
मी हँड थेरपिस्ट आहे, बोटं मोजणं रोजचंच. हात उताणा ठेवायचा, बोटाच्या मुळाशी असलेल्या घडीपासून टोकापर्यंत कॅलिपर लावायचा. तिथे दोन घड्या असतील तर तळव्याजवळची धरायची. नख मोजायचं नाही. समजा तर्जनी ७० मिमी आणि अनामिका ७२, तर गुणोत्तर ०.९७. तर्जनी मोजताना एक मिलिमीटर जास्त धरला की तेच ०.९९ होतं. स्त्री-पुरुषांच्या सरासरीतला फरकसुद्धा साधारण ०.०१ ते ०.०२ एवढाच आहे!

शिवाय काही जणींच्या शरीराला जन्मतः टेस्टोस्टेरॉन ओळखताच येत नाही. त्यांचं सरासरी गुणोत्तर इतर बायकांसारखं निघालं, पण एकीपासून दुसरीपर्यंतचा फरक कमी झाला नाही. म्हणजे बोटांची लांबी बरीचशी दुसऱ्याच कारणांनी ठरते. एका माणसाच्या हातावरून त्याची गर्भातली संप्रेरकं सांगता येत नाहीत.

मेंदूचंही तसंच. पुरुषांचा मेंदू सरासरीने दहाएक टक्के मोठा असतो आणि बोटांचं गुणोत्तरही वेगळं असतं. स्त्री-पुरुष वेगळे न करता, कवटीचा आकार हिशेबात न धरता आकडे मांडले की संबंध आपोआप दिसतो. आणि एकाच स्कॅनमध्ये आजचा आकार कळतो, झीज किती झाली ते नाही.

ताई, एक विचारते. तुमच्या उजव्या तर्जनीच्या टोकाच्या सांध्यावर गाठ आहे का?

संधिप्रकाश:
हो, आहे. बोट जरा तिरकंही झालंय. तुम्हाला कसं कळलं?

हातवाली:
उजव्या-डाव्यात एवढा फरक म्हटल्यावर शंका आलीच. संधिवातात टोकाचा सांधा झिजतो, बोट वाकतं आणि आखूड भरतं. तुमच्या उजव्या हाताचं गुणोत्तर बहुधा त्या सांध्यामुळे उतरलंय. त्याचा जीवाला घोर लावून घेऊ नका.

नावं उशिरा आठवणं या वयात पुष्कळांना होतं. पण तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जाणं, ओळखीचा रस्ता चुकणं, पैशांचा हिशेब न जमणं, यातलं काही घरच्यांना दिसत असेल तर डॉक्टरांकडून स्मरणशक्तीची चाचणी करून घ्या, बी-१२ आणि थायरॉइडही तपासा.

आणि हिप्पोकॅम्पसची काळजी असेल तर चालणं सुरू करा. २०११ मध्ये १२० ज्येष्ठांवर अभ्यास झाला होता. आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं भरभर चालणाऱ्या गटात वर्षभरात हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला. नुसते स्ट्रेचिंगचे व्यायाम करणाऱ्यांचा थोडा घटला. त्यांनीही सुरुवात १० मिनिटांपासूनच केली होती.

संधिप्रकाश:
गुडघे साथ देतात तोवर चालेन. सांध्याचं काय करायचं, तेही सांगा.

हातवाली:
त्यासाठी वेगळा धागा काढा, सविस्तर लिहिते. तोवर घट्ट झाकणं त्या बोटाच्या टोकाने उघडू नका, तळव्याचा जोर लावा.