‘रनऑफ’ला मराठीत काय म्हणता?

ओसरी:
अमेरिकी संसदेचं वरचं सभागृह म्हणजे सिनेट, त्याच्या जॉर्जिया राज्यातल्या निवडणुकांवरचा एक लेख मराठीत करतेय आणि एकाच शब्दावर गाडी अडलीय. तिथे निम्म्याहून जास्त मतं मिळाल्याशिवाय कुणी निवडून येत नाही. कुणालाच तेवढी मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत काही आठवड्यांनी परत मतदान होतं, तोच रनऑफ. २०२२च्या नोव्हेंबरात राफाएल वॉर्नॉक यांना ४९.४ टक्के, हर्शल वॉकर यांना ४८.५ टक्के. वॉर्नॉक सुमारे ३७ हजारांनी पुढे, तरी निकाल नाही. ६ डिसेंबरला परत मतदान झालं, तेव्हा ५१.४ टक्के घेऊन तेच जिंकले. मी ‘रनऑफ’ तसाच ठेवला होता. संपादकांनी तो खोडून ‘फेरनिवडणूक’ केलं. सासूबाईंना वाचायला दिलं तर पहिला प्रश्न आला, “आधीच्या निवडणुकीत घोटाळा झाला होता का गं?” सुचवा काहीतरी.

मुद्रितशोधक:
सासूबाईंचं बरोबर आहे. फेरनिवडणूक म्हटलं की आधीची रद्द झाली असंच वाटतं. ‘फेरमतदान’ त्याहून वाईट. आपल्याकडे एखाद्या केंद्रावर यंत्र बिघडलं किंवा गोंधळ झाला की आयोग फेरमतदान घेतो. मराठीत ‘दुसरी फेरी’ हा स्वच्छ शब्द आहे. फ्रान्सच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या बातम्यांत मराठी वर्तमानपत्रं तोच वापरतात. रोमन लिपीतून शब्द उचलून देवनागरीत टाकणं म्हणजे भाषांतर नव्हे.

शेंगदाणा:
पण ‘फेरी’ आपल्याकडे मतमोजणीची असते ना? “अठराव्या फेरीअखेर अमुक यांना चार हजारांची आघाडी” हे ऐकत लहानाचे मोठे झालो. “दुसऱ्या फेरीत वॉर्नॉक विजयी” वाचून मला तर वाटेल, दुसऱ्याच फेरीत निकाल लावला, बाकीची मतं मोजलीच नाहीत. शिवाय प्रचारफेरी आहेच.

कोरडवाहू:
रनऑफला मराठी शब्द आहे आणि तो रुळलेलाही आहे: अपधाव. पाणलोटाच्या कामात तीस वर्षं वापरतोय. जमिनीत न मुरता वाहून जाणारं पाणी. 😀

शेंगदाणा:
“जॉर्जियात सिनेटचा अपधाव.” संपादकांना पाठवाच हे.

कोरडवाहू:
हसू नका, अर्थ लागतो. पहिल्या वेळी पडलेली मतं दुसऱ्या वेळी मुरत नाहीत, वाहून जातात. २००८ बघा. सॅक्सबी चॅम्ब्लिस यांना ४९.८ टक्के होते, थोडक्यात अडले. त्या नोव्हेंबरात साडेसदतीस लाख लोकांनी या जागेसाठी मत दिलं होतं. डिसेंबरात आले जेमतेम एकवीस लाख. चॅम्ब्लिस ५७ टक्क्यांवर गेले. उमेदवार तेच होते, मतदार निम्म्याच्या आसपास घरी बसले.

अटलांटाकर:
सगळ्या वेळी तसं होत नाही. मी इथेच राहतो, म्हणून सांगतो. ५ जानेवारी २०२१ला जॉर्जियाच्या सिनेटमधल्या दोन्ही जागांचं मतदान एकाच दिवशी होतं आणि सिनेट कुणाच्या हातात जाणार ते त्यावर ठरणार होतं. नोव्हेंबरात साडेएकोणपन्नास लाखांच्या आसपास मतं पडली होती, जानेवारीत पावणेपंचेचाळीस लाखांच्या वर. नाताळभर दाराची घंटा वाजत होती. टीव्ही लावायची सोय नव्हती, जाहिरातींच्या मध्ये कार्यक्रम दाखवत होते. रिपब्लिकन डेव्हिड पर्ड्यू नोव्हेंबरात ४९.७ टक्क्यांवर होते, डेमोक्रॅट जॉन ऑसॉफ यांच्या सुमारे ८८ हजार पुढे. आपल्याकडे असते तर त्याच रात्री गुलाल उधळून मोकळे झाले असते. जानेवारीत ऑसॉफ ५५ हजारांनी जिंकले. दुसऱ्या जागेवर डेमोक्रॅट वॉर्नॉकही आले. सिनेट ५०-५० झालं आणि बरोबरी मोडायचं मत उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्याकडे गेलं.

तर मुद्दा असा की पहिल्या वेळची आघाडी शून्य धरली जाते. ‘दुसरी फेरी’त ते येत नाही. दुसरी फेरी म्हटलं की आधीचे गुण धरून पुढे खेळतात असं वाटतं.

मुद्रितशोधक:
कबड्डीच्या स्पर्धेत बाद फेरी असते. तिथे आधीचे गुण धरत नाहीत.

पारावरचा:
अन् सिनेट तरी कायले म्हनता? आमच्या विद्यापीठात सिनेटले अधिसभा म्हनतात. लिहा मंग “अधिसभेची बाद फेरी”. वाचनारा म्हनीन, कुलगुरू पडले.

दीपमाळ:
शब्दाच्या मुळाशी जाऊ या. इंग्रजीत हा शब्द शर्यतीतून आला. धावण्यात दोघं बरोबरीत आले की निकालासाठी परत धावायचं. फ्रेंचांचा शब्द ‘बालोताज’, तो मतासाठी टाकायच्या गोट्यांवरून. आणि आपलं ‘निवडणे’ तर सुपातलं! तांदूळ एकदा निवडले, तरी दाताखाली खडा आला, म्हणून परत सूप घ्यायचं. मी म्हणते ‘पुनर्निवड’.

मुद्रितशोधक:
पुनर्निवड म्हणजे तोच माणूस परत निवडून येणं. “अध्यक्षपदी पुनर्निवड.” सहकारी पतसंस्थांचे अहवाल वाचा.

दीपमाळ:
बरं. मग तो खडा कोण, तेवढं तरी सांगा.

अटलांटाकर:
खडा म्हणजे लिबर्टेरियन या छोट्या तिसऱ्या पक्षाचा उमेदवार! २०२२ला चेस ऑलिव्हर, दोन टक्के. २०२०च्या पर्ड्यू-ऑसॉफ लढतीत शेन हेझल, २.३ टक्के, म्हणजे एक लाखावर मतं. पर्ड्यूंना पन्नाशी गाठायला त्यातली चौदा हजारही पुरली असती. १९९२लाही हेच झालं. वाइच फाउलर ३५ हजारांनी पुढे होते, ४९ टक्के. तिसऱ्याने तीन टक्के घेतले. तीन आठवड्यांनी पॉल कव्हरडेल १६ हजारांनी जिंकून गेले. फाउलर डेमोक्रॅट. त्यांच्या पक्षाच्या विधिमंडळाने मग नियमच बदलला, पन्नासऐवजी ४५ टक्के पुरे. १९९६ला मॅक्स क्लेलंड ४८.९ टक्क्यांवर थेट सिनेटमध्ये. २००५ला रिपब्लिकनांनी परत पन्नास केलं. पुढे २०२१ला त्याच पन्नासने पर्ड्यूंना पाडलं. ज्याने त्याने आपल्या जखमेवर पट्टी बांधली.

शेंगदाणा:
म्हणजे आपला मतं खाणारा बंडखोर. फक्त आपल्याकडे तो मतं खातो आणि समोरचा निवडून येतो. तिकडे तो मतं खातो आणि महिनाभर सगळे परत प्रचाराला.

ओसरी:
महिनाभरच. २०२१च्या कायद्याने नऊ आठवड्यांचं अंतर चार आठवड्यांवर आणलं. लेखात तो भाग मोठा आहे. अंतर कमी झालं की पैसा गोळा करायला आणि घरोघर जायला वेळ मिळत नाही, ज्यांची यंत्रणा आधीच उभी असते त्यांचं फावतं. बरं, शब्द?

वडाचीसाल:
इतका वेळ कुणी मुळातली गोष्ट बोललंच नाही. हा नियम आला कशाला? १९६३-६४चा काळ. काउंटीगणिक (म्हणजे जिल्ह्यागणिक) मतं मोजायची जुनी पद्धत सर्वोच्च न्यायालयाने नुकतीच मोडीत काढलेली. डेनमार्क ग्रूव्हर या आमदाराने पन्नास टक्क्यांची अट पुढे रेटली. ते स्वतः १९५८ला कृष्णवर्णीयांच्या एकगठ्ठा मतांमुळे हरले होते. हिशेब सरळ होता: गोऱ्यांची मतं चार-पाच जणांत फुटली तर एकजुटीने मत देणारे काळे मतदार आपला माणूस आणतील, म्हणून शेवटी दोघांतच लढत लावायची. त्याच नियमाखाली २०२१ला जॉर्जियाचा पहिला कृष्णवर्णीय सिनेटर निवडून आला, हेच वॉर्नॉक.

दीपमाळ:
हे माहीत नव्हतं. मग शब्दात ‘मतविभागणी’ यायला हवी.

मुद्रितशोधक:
एका शब्दात इतिहास, गणित आणि नीतिशास्त्र मावत नाही, ताई.

पारावरचा:
आपल्याकडं हे एकाच कागदावर होते न बाप्पा. पदवीधरच्या निवडणुकीत आयोगाच्या जांभळ्या पेनानं एक, दोन, तीन असे पसंतीक्रम टाकतो. जिंकाले लागनाऱ्या मतांचा कोटा कोनीच गाठला नाही तं शेवटचा बाद, त्याची मतं दुसऱ्या पसंतीनं वाटून देतात. परत मतदान करायचं कामच नाही. फक्त अर्धे पदवीधर बरोबरची खूण करून येतात अन् मत बाद करून घेतात.

वडाचीसाल:
१९६९ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक त्याचं नामी उदाहरण. कोटा ४,१८,१६९. व्ही. व्ही. गिरी ४,०१,५१५ वर अडले, नीलम संजीव रेड्डी ३,१३,५४८. तिसरे आपले चिंतामणराव देशमुख, १,१२,७६९. देशमुखांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती बहुतेक रेड्डींना होती. तरी गिरींना हवी होती तेवढी मिळाली आणि ४,२०,०७७ वर ते निघाले. तीच मंडळी चार आठवड्यांनी परत मतदानाला आली असती तर काय झालं असतं, यावर वाद घालायला मी तयार आहे.

अटलांटाकर:
गंमत म्हणजे जॉर्जियातही तसा कागद आहे. चार आठवड्यांत परदेशी टपालाने मतपत्रिका जाऊन परत येत नाही. म्हणून सैनिक आणि परदेशस्थ मतदारांना आधीच पसंतीक्रमाची मतपत्रिका पाठवतात.

शेंगदाणा:
मग ‘दुसरी पसंती’ म्हणा!

अटलांटाकर:
नको. जानेवारी २०२१ला मी रांगेत होतो, माझी पसंती पहिलीच होती.

मुद्रितशोधक:
रनऑफच ठेवणार असाल तर लिंग ठरवा. वर कुणी ठरवलेलं नाही. रनऑफ झाला, झाली की झालं?

कोरडवाहू:
अपधाव पुल्लिंगी.

दीपमाळ:
निवडणूक स्त्रीलिंगी, म्हणून रनऑफ झाली.

अटलांटाकर:
इथले मराठी लोक “रनऑफ आहे” म्हणतात. झाला-झालीपर्यंत कुणी जात नाही.

ओसरी:
‘दोघांतली निर्णायक लढत’ असं पाठवलं. संपादकांचं उत्तर: मथळ्यात मावत नाही, आणि पहिली लढत काय अनिर्णायक होती का?

शेंगदाणा:
होतीच की.

पारावरचा:
‘पुन्हा टक्कर’ लिहा. मावते.

मुद्रितशोधक:
टक्कर हिंदी आहे.

वडाचीसाल:
टक्कर हिंदी? एडक्यांच्या टकरी लावणाऱ्यांना जाऊन सांगा.