मदत हवी आहे: जपमाळ पूर्ण होण्याआधीच झोप लागते, वेळ कोणती ठरवावी?

चरईकर (सोमवार, दुपारी १:१०)

शुक्रवारपासून सलग तीन रात्री माझी रोझरी, म्हणजे पाच दशकांची (दहा-दहा मण्यांच्या पाच भागांची) जपमाळ, अर्धवट राहिली आहे. शुक्रवारी आनंदाची रहस्ये (येशू व मरियेच्या जीवनातले मनन करायचे प्रसंग) म्हणताना चौथ्या दशकापाशी डोळा लागला, शनिवारी दुसऱ्याच दशकाला लागला, आणि काल गौरवाच्या तिसऱ्या रहस्यानंतरचे काहीच आठवत नाही. जाग आली तेव्हा पहाटेचे चार वाजले होते आणि माळ हातातच होती. मी तुर्भ्याला नोकरी करते. घरी पोहोचायला रात्रीचे नऊ वाजतात आणि कामे आवरून माळ हाती घेईपर्यंत साडेदहा होतात. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. अर्धवट राहिलेली माळ सकाळी तिथूनच पुढे म्हटलेली चालते का, की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते? आणि नोकरी करणाऱ्यांनी कोणती वेळ ठरवली आहे? मनापासून म्हटलेली प्रार्थना पोहोचतेच, हे मला ठाऊक आहे, त्यामुळे कृपया तेवढेच उत्तर देऊ नये. आज रात्रीच्या आत उत्तर मिळाले तर फार बरे होईल.

ऐरोली_वाशी_लोकल (दुपारी १:३४)

ताई, आपण ठाण्याहून तुर्भ्याला ट्रान्स-हार्बरनेच जात असाल, तर आपला प्रश्न सुटलेलाच आहे. मी सहा वर्षे ऐरोली ते वाशी या प्रवासात रोझरी म्हणतो. गर्दीत माळ बाहेर काढता येत नाही, म्हणून अंगठ्याने बोटांची पेरे मोजतो. दहा पेरे झाली की एक दशक झाले. वाशी येईपर्यंत चार दशके होतात आणि पाचवे मी स्थानकातून कार्यालयाकडे चालताना म्हणतो. उभ्याने प्रवास असल्यामुळे झोप लागण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. रात्रीची वेळ सोडून द्या आणि उद्यापासून गाडीत सुरू करा.

वसईची_माहेरवाशीण (दुपारी १:५२)

गाडीत म्हणणे वाईट नाही, पण मला स्वतःला ते कधी जमले नाही. आमच्याकडे माहेरी संध्याकाळची देवदूताच्या प्रार्थनेची घंटा झाली की सगळे घर वेदीसमोर गुडघ्यांवर बसत असे, आणि चुलीवरचे भांडे उतरवून ठेवल्याशिवाय आजी तेर्स (जपमाळ) सुरू करू देत नसे. आम्ही मुले शेवटच्या दशकाला हमखास पेंगायचो. आजी म्हणायची की अर्धवट राहिलेली माळ रक्षक देवदूत पूर्ण करतो. तुम्ही निश्चिंत झोपा.

वाशी_पॅरिश (दुपारी २:२०)

देवदूत माळ पूर्ण करतो ही भाविकांची जुनी समजूत आहे; ती गोड आहे, पण ख्रिस्तसभेची शिकवण म्हणून सांगू नये. लिझ्यूची संत तेरेझा, जिला 1997 मध्ये चर्चची आचार्य घोषित केले गेले, तिलाही प्रार्थनेत झोप लागत असे आणि जपमाळ म्हणणे तर तिला फार जड जात असे. हे तिने स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यामुळे झोप लागल्याचा अपराधभाव बाळगण्याचे कारण नाही.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर. माळ तुकड्यांत म्हटलेली चालते. पाच दशके सलग म्हणण्याची अट पूर्ण इंडल्जन्स (पापांबद्दलच्या शिक्षेची माफी) मिळवण्यासाठी आहे. एरवी दोन दशके पहाटे आणि तीन रात्री म्हटली तरी ती जपमाळच असते. मात्र एक गोष्ट मला खटकते आहे. शुक्रवारी तर दुःखाची रहस्ये म्हणतात, मग तुम्ही आनंदाची का म्हणत होता? आणि आज रात्रीच्या आत उत्तर कशासाठी हवे आहे?

पोखरण_रोड (दुपारी २:४१)

येथे मुळातून माहिती देणे आवश्यक वाटते. जपमाळेत पूर्वी पंधरा रहस्ये होती, म्हणजे बायबलमधील 150 स्तोत्रांच्या जागी 150 वेळा ‘नमो मरिया’ ही प्रार्थना. पोप तेरावे लिओ यांनी 1883 मध्ये ऑक्टोबर महिना जपमाळेला वाहिला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 16 ऑक्टोबर 2002 रोजी प्रकाशाची पाच रहस्ये सुचवली आणि त्यांच्यासाठी गुरुवार दिला. सोमवारी व शनिवारी आनंदाची, मंगळवारी व शुक्रवारी दुःखाची, बुधवारी व रविवारी गौरवाची, असा क्रम आहे. वार चुकत असेल, तर आधी तो सुधारावा.

चरईकर (दुपारी ३:०५)

वार चुकलेला नाही. मी नोव्हेना (ठरावीक दिवस सलग करायची प्रार्थना) करते आहे, हे लिहायचे राहिले. आज एकतिसावा दिवस आहे. म्हणूनच विचारते आहे की खंड पडला असे धरायचे का.

ऐरोली_वाशी_लोकल (दुपारी ३:११)

नोव्हेना नऊ दिवसांचा असतो, मग एकतिसावा दिवस कसा? माहीमच्या सेंट मायकल चर्चमधल्या बुधवारच्या नोव्हेनाविषयी म्हणत आहात का?

वाशी_पॅरिश (दुपारी ३:३०)

नाही, हा चौपन्न दिवसांचा जपमाळेचा नोव्हेना असणार. शुक्रवारच्या आनंदाच्या रहस्यांचा उलगडा त्यानेच होतो. नेपल्समधील फोर्तुना आग्रेली या आजारी मुलीच्या निमित्ताने 1884 पासून तो रूढ झाला. सत्तावीस दिवस याचना आणि त्यानंतर सत्तावीस दिवस आभार. पहिल्या दिवशी आनंदाची, दुसऱ्या दिवशी दुःखाची, तिसऱ्या दिवशी गौरवाची रहस्ये आणि पुन्हा आनंदाची, असा फेरा वार न पाहता चालतो. एकतिसाव्या दिवशी, म्हणजे आज, आनंदाचीच येतात.

ताई, ही खाजगी भक्ती आहे. एक दिवस अपुरा राहिला तर सगळे व्यर्थ गेले, असा कोणताही नियम ख्रिस्तसभेने घातलेला नाही. राहिलेली दशके दुसऱ्या दिवशी म्हणून पुढे जावे, आणि तरीही मनाला टोचत असेल तर रविवारी मिस्सानंतर आपल्या फादरांना एकदा विचारावे.

पोखरण_रोड (दुपारी ३:४८)

तरीही 2002 नंतर गुरुवारी प्रकाशाची रहस्ये वगळणे मला पटत नाही. काना गावातील लग्न आणि पवित्र मिस्साबलिदानाची स्थापना ही रहस्ये चौपन्न दिवसांत एकदाही येऊ नयेत?

वाशी_पॅरिश (दुपारी ३:५५)

पोपसाहेबांनी ती रहस्ये सुचवली, सक्तीची केली नाहीत, आणि हा फेरा त्यांच्या आधीपासूनचा आहे. ज्या क्रमाने सुरुवात केली त्याच क्रमाने शेवट करावा, एवढेच म्हणतो. या धाग्यातला प्रश्न वेळेचा आहे, तो बाजूला पडू नये.

ऐरोली_वाशी_लोकल (सायंकाळी ४:१२)

म्हणूनच गाडीचा उपाय पुन्हा सांगतो. सकाळी जाताना माळ, आणि राहिलेच एखादे दशक तर येताना.

चरईकर (सायंकाळी ४:४०)

गाडीत मला म्हणता येणार नाही, कारण ही माळ मी एकटी म्हणत नाही. आईच्या पलंगाशी बसून म्हणते. तिला अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून वाचा गेली आहे आणि उजवी बाजू हलत नाही. लहानपणापासून आमच्या घरी माळ आईच सांगायची; आम्ही फक्त उत्तराचा अर्धा भाग म्हणायचो. आता दोन्ही भाग मीच म्हणते. दिवसभर तिच्याजवळ एक मावशी असतात, त्या ख्रिस्ती नाहीत. नऊला मी येते तेव्हा तिचे जेवण आणि औषधे व्हायची असतात, आणि औषध घेतल्यावर ती अर्ध्या तासात झोपते. पहिले सत्तावीस दिवस मी झोपलेल्या आईच्या शेजारी का होईना, पण पाचही दशके पूर्ण केली होती.

माळकरी_कळवा (सायंकाळी ५:१५)

मी वारकरी आहे. आपल्या प्रार्थनेतले बारकावे मला कळत नाहीत, तरी राहवले नाही म्हणून लिहितो. माझ्या वडिलांची वाचा शेवटच्या वर्षी गेली होती. त्यांचा हरिपाठ आम्ही संध्याकाळचा काढून पहाटेवर नेला, कारण पहाटे ते पूर्ण जागे असत आणि संध्याकाळपर्यंत औषधांनी ग्लानी येई. आपल्या आई दिवसाच्या कोणत्या वेळी सर्वांत जास्त शुद्धीत असतात, हे त्या मावशींना विचारून पाहिले का? आणि माळ कोणाच्या हातात असते, आपल्या की त्यांच्या? वडिलांच्या चालत्या हातात आम्ही तुळशीची माळ देत असू. शब्द आमचे असत, पण मणी ते ओढत.

वसईची_माहेरवाशीण (सायंकाळी ५:४०)

माळकरी दादांनी मोलाचे विचारले आहे. मला आणखी एक दिसते आहे. चुकत असेन तर क्षमा असावी. सत्तावीस दिवस याच घरी, याच साडेदहाच्या वेळी तुम्ही जाग्या राहिलात. झोप शुक्रवारपासून लागू लागली. आज एकतिसावा दिवस असेल, तर शुक्रवार अठ्ठाविसावा होता. त्या दिवशी मागणे संपून आभार सुरू झाले.

चरईकर (सायंकाळी ६:२०)

होय. आईमध्ये काहीच फरक पडलेला नाही, आणि शुक्रवारी पुस्तिकेतली आभाराची प्रार्थना मी वाचली तेव्हा ती माझ्या तोंडून नीट निघाली नाही. कशाबद्दल आभार मानायचे, ते मला समजेना. मी थकव्याला दोष देत राहिले.

वाशी_पॅरिश (सायंकाळी ६:४५)

या नोव्हेनात मागणे मान्य झालेले दिसो वा न दिसो, आभार मानायचेच असतात. त्याचा सर्वांत कठीण भाग तोच आहे आणि तो तुम्हालाच कठीण जातो असे नाही. आज रात्री पाचही दशकांचा आग्रह धरू नका. आई जागी असताना, तिला औषध देण्याआधी, एकच दशक म्हणा. उरलेली चार पहाटे म्हणा.

वसईची_माहेरवाशीण (सायंकाळी ६:५८)

आणि आनंदाचे पहिले रहस्य निवडा. देवदूताचा संदेश ऐकून मरियेनेही आधी प्रश्नच विचारला होता.

चरईकर (मंगळवार, सकाळी ९:२५)

काल रात्री एक दशक झाले. पहाटे पाच वाजता उठले तर आई जागीच होती. मावशींना विचारायची गरज पडली नाही. तिच्या डाव्या हातात तिचीच जुनी माळ दिली आणि कालची उरलेली चार दशके म्हटली. सुरुवातीला तिने मणी नुसता धरून ठेवला होता. तिसऱ्या दशकात, बेथलेहेमच्या जन्माच्या रहस्यात, मी दहा नमो मरिया म्हणून पुढे जाऊ लागले तर तिचा अंगठा नवव्या मण्यावरच थांबलेला होता, आणि ती माझ्याकडे पाहत होती. मी एक अधिक म्हटली, तेव्हा तिने मणी सोडला. मोजण्यात मी चुकले होते की तिला आणखी एक हवी होती, ते कळायला मार्ग नाही.

आजचा बत्तिसावा दिवस दुःखाच्या रहस्यांचा आहे. त्यातले पहिले दशक आत्ता ठाणे ते तुर्भे प्रवासात बोटांच्या पेरांवर म्हटले, त्याबद्दल ऐरोलीकरांचे आभार. उरलेली चार रात्री औषधाआधी बसतील की नाही, ते आज पाहीन. आईच्या हातातली माळ मात्र धाग्यापाशी विरत आली आहे. ठाण्यात माळ पुन्हा ओवून देणारे कोणी माहीत असल्यास कृपया कळवावे. नवी माळ तिच्या हातात देण्याची माझी इच्छा नाही.