मदत हवी आहे: या स्पीकरांसाठी ५० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा की १०० वॅटचा?

मंद्रसप्तक: नवे बुकशेल्फ स्पीकर जुन्या एव्ही रिसीव्हरला (होम थिएटरच्या अ‍ॅम्प्लिफायरला) जोडले आहेत. हळू आवाजात ते उत्तम वाजतात, पण आवाज वाढवला की रिसीव्हर मध्येच बंद पडतो. त्यामुळे स्वतंत्र स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचे ठरवले असून ५० आणि १०० वॅटची दोन मॉडेल पाहून ठेवली आहेत. कोणते घ्यावे, एवढेच कृपया लवकर सांगावे.

खर्ज: स्पीकरांचा इम्पिडन्स (विद्युतप्रवाहाला होणारा विरोध, ओहममध्ये) आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक विद्युतशक्तीला किती मोठा आवाज निघतो, डेसिबलमध्ये) किती आहे, आणि आपण किती अंतरावर बसून ऐकता, हे आपण लिहिलेलेच नाही.

निर्वातनळी: वॅटच्या मागे लागूच नये. माझा व्हॉल्व्ह (निर्वात नळ्यांचा) अ‍ॅम्प्लिफायर अवघा १२ वॅटचा आहे आणि त्याचा आवाज मला अर्ध्यावरही न्यावा लागत नाही.

मंद्रसप्तक: स्पीकरांच्या मागे ४ ओहम लिहिले आहे आणि माहितीपत्रकात ‘८४ डेसिबल, २.८३ व्होल्ट, १ मीटर’ असे आहे. अंतर साधारण तीन मीटर. आता सांगा, ५० की १००?

तारांबळ: आधी स्पीकरच्या तारा जाड घ्याव्यात, बाकीचे नंतर पाहता येईल.

खर्ज: तारेचा सुटा धागा शेजारच्या टर्मिनलला टेकत नाही ना, एवढे अवश्य पाहावे, जाडीचा प्रश्न येथे गौण आहे. २.८३ व्होल्टला ८ ओहमचा स्पीकर १ वॅट घेतो, पण ४ ओहमचा २ वॅट घेतो, म्हणून आपल्या स्पीकरांची सेन्सिटिव्हिटी १ वॅटला प्रत्यक्षात ८१ डेसिबलच धरावी लागते. एका मीटरवर ५० वॅटने सुमारे ९८ आणि १०० वॅटने १०१ डेसिबल मिळतील. हा तीन डेसिबलचा फरक कानाला जाणवतो खरा, पण आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. खरी अडचण ४ ओहमची दिसते, कारण असे स्पीकर काही वारंवारतांना त्याहूनही खाली उतरतात, विद्युतप्रवाह जास्त ओढतात आणि मग रिसीव्हरचे संरक्षक सर्किट त्याला बंद करते. दोन्ही मॉडेलांचा ४ ओहमचा आकडा पाहिल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

निर्वातनळी: व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरला ४ ओहमसाठी वेगळे टर्मिनल असते, त्यामुळे हा प्रश्नच उरत नाही.

खर्ज: आपल्या स्पीकरांची सेन्सिटिव्हिटी किती आहे?

निर्वातनळी: ९६ डेसिबल; हॉर्न, म्हणजे भोंग्याचे स्पीकर आहेत.

खर्ज: मग आपला १२ वॅटचा अनुभव ८१ डेसिबलच्या स्पीकरांना कसा लागू होईल?

मंद्रसप्तक: वाद नंतर घालावा, ही विनंती. तारा तपासल्या, ठीक आहेत. ५० वॅटच्या मॉडेलला ‘४ ओहम: ९० वॅट’ लिहिले आहे, १०० वॅटच्या मॉडेलला तो आकडाच नाही, फक्त ‘६ ते १६ ओहम’ असे आहे.

खर्ज: मग ५० वॅटचाच घ्यावा, कारण १०० वॅटचा आपल्या ४ ओहमच्या स्पीकरांसाठी नाही. मात्र ते ९० वॅट किती टक्के डिस्टॉर्शनला (आवाजातील विकृतीला) मोजले आहेत, तेही पाहावे, ०.१ टक्का असेल तर उत्तम, १० टक्के असेल तर तो आकडा धरू नये.